दहा प्रश्न, १०२४ वाटा

स्टेट कॉलेजला राहत असाल, तर पेन स्टेटच्या क्रीमरीत तुम्ही गेलाच असाल. तिथे दोन फ्लेवर एकत्र करून देत नाहीत, ते एक बरंच आहे. समजा, तिथली ऑर्डर घेणारा प्रोग्राम तुम्ही लिहिताय. कोन हवा का? घरी न्यायचं का? अशा प्रत्येक हो-नाहीच्या प्रश्नाला दोन फाटे फुटतात.

१९७६ साली थॉमस मॅकेब यांनी हे मोजायची सोपी रीत मांडली. फंक्शनमधले हो-नाहीचे प्रश्न मोजा आणि त्यात एक मिळवा. दोन प्रश्न असतील तर उत्तर ३. हे झालं गुंतागुंतीचं माप. ते १० च्या वर जाऊ देऊ नका, असं त्यांनी सुचवलं.

मग ज्याचं माप मोठं, त्याला कंपायलर जास्त वेळ घेणार, हो ना? मलाही तसंच वाटायचं. पहिल्या नोकरीत आमचा प्रोजेक्ट कंपाइल होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी सगळ्यात मोठ्या मापाचं फंक्शन शोधलं आणि दोन दिवस बसून त्याचे तुकडे केले. वेळ तेवढाच! जीसीसी कंपायलरला '-एफटाइम-रिपोर्ट' हा पर्याय दिला की कुठल्या कामात किती वेळ गेला ते तो छापतो. ते मी आधी बघायला हवं होतं. खरा वेळ जात होता त्याच त्या हेडर फाइली पुन्हा पुन्हा वाचण्यात.

असं का होतं? एकापाठोपाठ १० प्रश्न असले तर वाटा होतात १०२४, पण माप फक्त ११. कंपायलर त्या १०२४ वाटा एकेक करून चालत नाही. फाटे जिथे पुन्हा मिळतात, तिथे तो दोन्हीकडची माहिती एकत्र करतो आणि पुढे जातो. (आयआयटी मुंबईचे उदय खेडकर यांनी सहलेखकांबरोबर याच विषयावर २००९ मध्ये एक इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे.) उलट, एका स्विचमध्ये ४० केस असल्या तर माप ४० च्या वर जातं, पण केसचे आकडे लागोपाठचे असतील, तर कंपायलर बहुतेक वेळा एक तक्ता करून मोकळा होतो.

म्हणून दोन कंपायलरची तुलना करताना लहान-मोठ्या मापांच्या फाइली निवडा, त्याच फाइली दोघांनाही द्या, मशीन एकच ठेवा आणि वेळ प्रत्यक्ष मोजा, तोही चार-पाच वेळा.

शब्दार्थ: फाटा फुटणे – एका वाटेतून दुसरी वाट निघणे. मोकळा होणे – काम संपवून सुटणे.

करून पाहा: तुमच्या एखाद्या प्रोग्राममधलं एक फंक्शन घ्या. त्याचं माप काढा आणि ते कसं काढलं, ते पाच वाक्यांत मराठीत लिहा.