ओळखीच्या नावाने आलेले पत्र

मागच्या लग्नसराईत शाळेच्या कार्यालयातील मोबाईलवर एका पालकांच्या नावाने ‘शादी का कार्ड’ आले. आमचे लिपिक ते उघडणारच होते, इतक्यात फाईलच्या नावाशेवटी असलेल्या ‘एपीके’ या अक्षरांकडे त्यांचे लक्ष गेले. फोन करून विचारले, तर त्या गृहस्थांच्या घरी लग्नच नव्हते! आदल्या रात्रीपासून त्यांच्या मोबाईलवरून सगळ्यांना तेच कार्ड जात होते आणि बिचारे नातेवाइकांची क्षमा मागून थकले होते.

ही युक्ती जुनी आहे. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ या विषयाचा ई-मेल निघाला. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाईल होती. ती उघडताच संगणकातील छायाचित्रांच्या फाईली पुसून त्यांच्या जागी व्हायरसच्या प्रती बसत. शिवाय आउटलुकमधील पत्त्यांच्या यादीत जेवढी नावे असतील, तेवढ्यांना तेच पत्र आपोआप जाई. म्हणजे पत्र अनोळखी माणसाकडून येतच नसे. सहकारी, मित्र, कधी साहेब यांच्याकडून येई. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल सेवा बंद ठेवावी लागली. व्हायरसविरोधी प्रोग्राम होते, पण नव्या व्हायरसची ओळख त्यांना पटेपर्यंत तो जगभर पोहोचला होता.

विद्यार्थी मित्रांनो, त्या फाईलचे नाव नीट पाहा. नावात आधी ‘टीएक्सटी’ होते, म्हणजे साधा मजकूर. आणि अगदी शेवटी ‘व्हीबीएस’, म्हणजे संगणकाला हुकूम देणारा प्रोग्राम. विंडोज हे शेवटचे टोक सहसा दाखवत नसे, म्हणून लोक फसले. फाईलची जात तिच्या शेवटच्या टोकावरून ठरते. ‘एपीके’ हे अँड्रॉइड मोबाईलमधील ॲपचे टोक आहे. लग्नपत्रिका चित्र असेल, पीडीएफ असेल. ॲप कशाला असेल? असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती!

तो व्हायरस लिहिणारा ओनेल डी गुझमन हा संगणकाचा विद्यार्थी होता. दुसऱ्यांचे इंटरनेट पासवर्ड चोरण्याचा विषय त्याने प्रबंधासाठी मांडला होता. कॉलेजने तो नाकारला होता. त्याच्यावरील खटला मागे घ्यावा लागला, कारण तेव्हा त्या देशात असा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही १७ ऑक्टोबर २००० पासूनच लागू झाला. हुशारी कुठे लावावी, हे त्याला कोणी वेळेवर सांगितले असते तर, असे शिक्षक म्हणून आमच्या मनात येते.

पालकांना एक विनंती. मुलाकडून चुकून असे काही उघडले गेले तर कृपया रागावू नका. धाकाने मूल गप्प बसते आणि तेवढ्या वेळात खाते रिकामे होते. आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. ज्यांना आपल्या नावाने संदेश गेला असेल त्यांनाही सांगा. यात लाज कसली?

विश्वस्त मंडळींना आम्ही एवढेच सुचवू की, प्रवेश-नोंदी व निकाल यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. ती डिस्क संगणकाला कायम जोडलेली नको. काम झाले की कपाटात, कुलपात ठेवावी.