पांढऱ्या भुकटीचा निवाडा करणारे शास्त्र

ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन हस्तगत केले, तेव्हा जे संकट आपण मुंबई-पुण्यापुरते समजत होतो ते आपल्या बीड जिल्ह्यातील उमापूरच्या माणसाला गोदावरी ओलांडताच गाठता येईल इतके जवळ आले आहे, हे आपणां सर्वांना कळून चुकले. परंतु त्या वार्तेतील एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि आपल्या टापूतील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या चिंतातुर पालकांपुढे मला तीच मांडावयाची आहे. पंचनामा झाला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मुद्देमालावर लाखेचे सील बसले, तरी जप्त केलेली भुकटी अमुकच द्रव्य आहे हे न्यायालयात सिद्ध होते ते रसायनतज्ज्ञाच्या अहवालाने.

पोलीस ठाण्यापासून कचेरीपर्यंत ज्याला 'सीए रिपोर्ट' (केमिकल ॲनालायझरचा अहवाल) म्हणतात, त्या अहवालावर माणसाच्या आयुष्याची किती वर्षे अवलंबून असतात, हे पालकांनी एकदा समजून घ्यावे. 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार 2 ग्रॅमपर्यंतचे मेफेड्रोन हे अल्प प्रमाण, तर 50 ग्रॅमच्या वरचे व्यापारी प्रमाण; पहिल्यास फार तर एक वर्षाची कैद, दुसऱ्यास 10 ते 20 वर्षांची सक्तमजुरी, आणि जामीन तर जवळजवळ दुरापास्त. अशा प्रकरणात सापडलेली भुकटी उद्या साधे कॅफीन निघाली, तर अहवाल येईपर्यंत कोठडीत गेलेले दिवस त्या निरपराध माणसाला कोण परत देणार? म्हणूनच या परीक्षणातील शीघ्रता ही मला केवळ यंत्राची करामत वाटत नाही. तो न्यायाचाच एक भाग आहे.

ही शीघ्रता आणणारे साधन म्हणजे वस्तुमान वर्णपटमिती, अर्थात मास स्पेक्ट्रोमेट्री. पदार्थाच्या रेणूंना विद्युत्भारित करून त्यांचे वस्तुमान मोजणारी ही विद्या जुनी आहे. तिच्या बळावर समस्थानिकांचा शोध घेणाऱ्या ॲस्टनला 1922 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) यंत्रात नमुना आधी द्रावणात विरघळवावा लागतो, मग वायुरूपात एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून न्यावा लागतो, आणि एकेका नमुन्याला बहुधा वीस-तीस मिनिटे सहज जातात. 2005 मध्ये कोडी आणि लॅरामी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'डार्ट' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात काचेच्या काडीचे टोक भुकटीला लावून तप्त हेलियमच्या झोतात धरले की काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो; मेफेड्रोन असेल तर 178 च्या जागी.

मात्र येथेच विद्यार्थ्याच्या बुद्धीची खरी कसोटी लागते. मेथॅम्फेटामाइन हे घातक नशेचे द्रव्य आणि फेंटरमाइन हे स्थूलपणावरील औषध. दोघांतील अणूंची संख्या तंतोतंत सारखी, केवळ मांडणी निराळी. केवळ वजन करणारे यंत्र दोघांसाठीही 150 हाच आकडा दाखवील. त्यामुळे झटपट छाननीने संशयित द्रव्याची ओळख सुचवावी आणि जीसी-एमएससारख्या दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने ती पक्की करावी, असा या क्षेत्रातील शिरस्ता आहे. यंत्राचे बटण दाबणारा माणूस महिन्याभरात तयार होतो; 150 हा आकडा पाहूनही लेखणी आवरून धरणारा माणूस तयार व्हावयास रसायनशास्त्राचा कित्येक वर्षांचा व्यासंग लागतो.

"पोलिसांच्या भानगडीत आमच्या मुलीला कशाला घालता?" ही शंका, मुलांनी असे विश्लेषक व्हावे असे सुचवले की, पालकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, विश्लेषक छापे घालीत नाही. त्याच्याकडे सीलबंद नमुना येतो आणि त्याचा अहवाल जातो. शासकीय तज्ज्ञाचा अहवाल एरवी त्याच्या तोंडी साक्षीवाचूनही पुराव्यात ग्राह्य धरता येतो. न्यायालयाने समन्स धाडले तर मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, आणि नोंदवही चोख असेल तर त्यात भिण्यासारखे काही नाही. गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे असून प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर आणि आपल्याला सोयीच्या छत्रपती संभाजीनगरातही आहेत. त्याच शहरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जावे अशी तरतूद केली असून राज्यांना तिच्या अंमलासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. तेव्हा मनुष्यबळाची गरज वाढणार हे उघड आहे.

तरीही सरकारी भरती कधी निघेल याचा भरवसा धरून कोणी आयुष्याची आखणी करू नये, असे मी आवर्जून सांगेन. बारावीनंतर रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. आणि पुढे विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण हेच यंत्र औषध कंपन्यांत गोळ्यांतील अशुद्धी शोधते आणि निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंशही शोधते. ऊसतोडीच्या किंवा कोरडवाहू कापसाच्या उत्पन्नावर शिकणाऱ्या मुलाला दोन दारे उघडी असणे फार मोलाचे. न्यायसहायक विज्ञानातच विशेष अभ्यास करावयाचा असेल, तर गांधीनगरला मुख्यालय असलेले राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे आणि त्याचे केंद्र गोव्यातही आहे. पण एखाद्या खासगी संस्थेचे भारी शुल्क भरण्यासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी, वैज्ञानिक सहायक आणि सहायक रासायनिक विश्लेषक या पदांच्या मागील जाहिराती मिळवून त्यांतील शैक्षणिक अर्हतेचे कलम बापलेकांनी, मायलेकींनी एकत्र बसून शब्दशः वाचावे, आणि त्या संस्थेची पदवी त्या कलमात बसते की नाही हे संस्थेकडून लेखी घ्यावे.