सापडणारे पान

तुकारामांच्या शासकीय गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यांपैकी एखादा अभंग हवा असला, तर वाचकाला पहिल्या पानापासून गाथा वाचीत बसावे लागत नाही. अभंगांच्या आरंभीच्या शब्दांची अकारविल्हे सूची ग्रंथाला जोडलेली असते. तीत शब्द पाहावा, त्यापुढील आकडा पाहावा आणि नेमका तो अभंग काढावा. ही सूची कोणी फाडून नेली, तर अभंगांतील एक अक्षरही कमी होणार नाही. पण हवा तो अभंग हाती लागणे मात्र दुरापास्त होईल.

आता अशा एका ग्रंथाची कल्पना करावी, की ज्याची पाने अब्जावधी आहेत, ज्याला पहिले पान नाही आणि शेवटचेही नाही, ज्यात रोज नवी पाने जोडली जातात व जुनी गळून पडतात, आणि ज्याला कोणी एक संपादक नाही. संगणकांच्या महाजालावरील सारी संकेतस्थळे मिळून असाच एक ग्रंथ झाला आहे. त्याच्या सूचीचे काम शोधयंत्रे करतात. संकेतस्थळ निर्माण करणे आज फारसे कठीण राहिलेले नाही. ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हाती ते लागेल असे करणे, ही मात्र निराळी विद्या आहे.

आरंभी ही सूची हातानेच केली जात असे. महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली. १९९१ मध्ये ते जाल बाहेरच्या जगाला खुले झाले. तेव्हा त्यावरील स्थळे इतकी मोजकी होती, की नवे स्थळ निघाले म्हणजे बर्नर्स-ली त्याचे नाव एका यादीत टिपून ठेवीत. ती यादी लवकरच आवाक्याबाहेर गेली. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो ह्या दोन विद्यार्थ्यांनी स्थळांची विषयवार निर्देशिका आरंभिली. तीच 'याहू' ह्या नावाने जगभर गाजली. ग्रंथपाल ज्याप्रमाणे पुस्तक चाळून ते योग्य कपाटात ठेवतो, त्याप्रमाणे तेथील माणसे एकेक स्थळ पाहून ते विषयाच्या कप्प्यात बसवीत. काम चोख होते. परंतु माणसाचा हात महाजालाच्या वाढीला पुरा पडेना. ती निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद करण्यात आली.

जे माणसाला साधेना, ते यंत्रावर सोपविण्यात आले. पाने वाचीत हिंडणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला 'क्रॉलर' असे म्हणतात. क्रॉलर एका पानावर जातो, त्यातील मजकूर टिपून घेतो, आणि तेथून दुसऱ्या पानांकडे नेणारे जे दुवे असतील ते धरून पुढची वाट चालू लागतो. ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही, ते पान म्हणजे वाट नसलेले घर; क्रॉलरची पावले तेथे सहसा वळत नाहीत. अशा रीतीने गोळा केलेल्या मजकुरावरून कोणता शब्द कोणत्या पानावर आला आहे ह्याची प्रचंड सूची तयार होते. शोधणाऱ्याने शब्द लिहिला म्हणजे यंत्र त्याच क्षणी साऱ्या महाजालात धाव घेते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. यंत्र केवळ आधी करून ठेवलेली सूची उघडते, आणि म्हणूनच उत्तर निमिषार्धात मिळते. सकाळी प्रसिद्ध केलेले पान दुपारी सापडेलच असे नाही, ह्याचे कारणही तेच. क्रॉलर तेथे येऊन गेल्यावाचून ते पान सूचीत शिरत नाही.

त्याला लवकर बोलावण्याची एक सोय आहे. स्थळाचा चालक आपल्या सर्व पानांची यादी करून यंत्राला देतो. तिला 'साइटमॅप' म्हणतात. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ती मान्य केली. ह्याच्या उलट, क्रॉलरने कोठे शिरू नये हे सांगणारी एक छोटी धारिका स्थळाच्या दाराशी ठेवता येते. तिची प्रथा १९९४ पासूनची आहे. स्थळ बांधून होईपर्यंत बांधणारा 'आत येऊ नये' अशी पाटी लावतो, आणि काम संपल्यावर ती काढावयास विसरतो. मग उत्तम स्थळही अज्ञातवासात राहते, आणि त्याचे कारण मालकाला कितीतरी दिवस उमगत नाही.

सूची तयार झाली, तरी अर्धेच काम होते. एखादा शब्द लक्षावधी पानांवर असतो. त्यांपैकी कोणते पान अगोदर दाखवावे? प्रारंभीची यंत्रे बहुधा असे पाहत, की शब्द पानावर किती वेळा आणि कोठे आला आहे. ही मोजणी लक्षात येताच लबाडांना रान मोकळे झाले. कोणी तोच शब्द शंभर वेळा लिहू लागले. कोणी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द भरू लागले, म्हणजे ते वाचकाला दिसू नयेत आणि यंत्राला मात्र दिसावेत! शोधयंत्रांची त्या काळी किती दैना झाली होती, हे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन ह्या स्टॅनफर्डच्याच दोन तरुण संशोधकांनी १९९८ मधील आपल्या निबंधात नमूद केले आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यापारी शोधयंत्रांना त्यांचे स्वतःचे नाव विचारले, तर त्यांपैकी एकालाच पहिल्या दहा उत्तरांत आपले पान दाखविता येत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पेज आणि ब्रिन ह्यांनी निराळा विचार केला. पान स्वतःविषयी काय सांगते एवढेच न पाहता, इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात हे पाहावे, असे त्यांनी ठरविले. विद्वानांच्या जगात हा न्याय पूर्वीपासून चालत आला आहे. ज्या निबंधाचा आधार इतर अभ्यासक वारंवार घेतात, तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. महाजालावर एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा हे जणू एक शिफारसपत्रच असते. पण सर्व शिफारसपत्रे सारख्या किमतीची नसतात. ज्याची शिफारस पुष्कळांनी केली आहे, त्याने दिलेल्या शिफारशीला अधिक वजन येते. शिवाय हे वजन वाटले जाते. एका पानाचे वजन १०० आहे आणि त्यातून चारच दुवे निघतात असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला स्थूलमानाने २५ येतात. त्यातूनच पन्नास दुवे निघू लागले, तर प्रत्येकाला २ मिळतात. जो सर्वांचीच वाखाणणी करतो, त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, हा व्यवहारातील अनुभव येथे गणितात उतरला आहे. सुमारे २ कोटी ४० लाख पानांवर त्यांनी ही रीत चालवून पाहिली. १९९८ मध्येच त्यांनी कंपनी काढली, तिचे नाव गूगल.

आजची शोधयंत्रे शब्द आणि दुवे ह्यांखेरीज इतर पुष्कळ गोष्टी तोलून पाहतात, आणि त्यांचा सारा हिशेब ती उघड करीत नाहीत. उघड केला, तर पुन्हा लबाडांचे फावेल. तेव्हा दुव्यांचाही बाजार मांडला गेलाच. पैसे देऊन शिफारशी विकत घेणारे निघाले, आणि २०१२ पासून गूगलने अशा स्थळांना खाली ढकलण्याचे नियम कडक केले. नाव मोठे असले म्हणून यंत्र गय करते असेही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बी.एम.डब्ल्यू. ह्या मोटारकंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले होते. वाचकासाठी एक पान आणि यंत्रासाठी शब्दांनी ठासून भरलेले दुसरेच पान, असा प्रकार तेथे आढळला होता. ती पाने हटविल्यावर काही दिवसांनी स्थळाला पुन्हा प्रवेश मिळाला.

मग सरळ मार्गाने जाणाऱ्याने काय करावे? कांद्याच्या रोगांविषयी एखाद्या जाणकाराने महाजालावर लेख ठेवला आहे, असे समजू या. लेख अभ्यासपूर्ण आहे. पण त्याच्या माथ्यावर 'माहितीपत्रक क्रमांक ३' एवढेच शीर्षक आहे. आत बुरशीचे शास्त्रीय नाव आहे, आणि उपायांचा तक्ता छायाचित्राच्या रूपात चिकटविलेला आहे. इकडे ज्या शेतकऱ्याच्या वाफ्यातील पात पिवळी पडू लागली आहे, तो संध्याकाळी हातातील फोनवर लिहितो, 'कांद्याची पात पिवळी का पडते?' त्या प्रश्नातील एकही शब्द लेखाच्या शीर्षकात नाही. 'पात' हा शब्द तर साऱ्या लेखात कोठेच नाही. यंत्राला तो लेख नाकारावयाचा नव्हता. पण हाच लेख ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्याने ओळखावे कसे? शेतकऱ्यापुढे औषधे विकणाऱ्या कोणाची तरी जाहिरात येते आणि चार दिवस निघून जातात. शेतात चार दिवस म्हणजे थोडा काळ नव्हे.

त्या लेखाचे शीर्षक 'कांद्याची पात पिवळी पडणे : कारणे आणि उपाय' असे ठेवले, आत 'करपा' आणि 'फुलकिडे' हे शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द शास्त्रीय नावांच्या जोडीने आले, तक्ता चित्रातून काढून अक्षरांत लिहिला, छायाचित्राखाली त्यात काय दिसते ते सांगितले, तर मजकुराची विद्वत्ता तसूभरही कमी होत नाही. सिंहगडावरील लेखात 'कोंढाणा' हे नाव एकदा तरी यावयास हवे, ते ह्याच कारणासाठी. शोधणारा कोणते नाव घेऊन येईल, हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. पान फोनवर नीट दिसावे, त्वरेने उघडावे, जुनी झालेली माहिती त्यावरून काढावी, ह्या गोष्टी उघडच आहेत. अलीकडे काही शोधयंत्रे पानांची यादी देण्यापूर्वी स्वतःच उत्तर रचून दाखवितात. परंतु ते उत्तरही बहुधा कोणाच्या तरी पानांवरूनच रचलेले असते.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, आणि ती अक्षरांचीच होती. संगणक अक्षर साठवितो तो आकड्याच्या रूपाने. पूर्वी मराठीसाठी जे निरनिराळे टंक वापरीत, त्यांतील अनेकांत साठविलेले आकडे रोमन अक्षरांचे असत. टंक फक्त त्यांच्यावर देवनागरीचा पोशाख चढवी. पडद्यावर वाचकाला शुद्ध मराठी दिसे, पण यंत्राला आत निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. अमुक टंक ज्याच्या संगणकात नाही, त्यालाही तीच दिसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर काही वर्षे अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे अशाच टंकांत निघत. त्यांत रोज हजारो शब्द छापले जात आणि मराठी शब्द घालून शोधणाऱ्याला त्यांतील एकही सापडत नसे. सूची असून नसल्यासारखी!

ह्यावर उपाय झाला तो युनिकोडचा. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठराविक क्रमांक द्यावा, अशी ही योजना. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तीत देवनागरीला आरंभापासूनच स्थान होते. संगणकाच्या सोळा-अंकी मोजणीत 'क' ह्या अक्षराचा क्रमांक ०९१५ आहे. मग तो कोल्हापुरात लिहिलेला असो की लंडनमध्ये, कोणत्याही टंकात असो. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया ह्याच पद्धतीने लिहिला जातो. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने निघाली आहेत; छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारी साधनेही निघाली आहेत, तथापि जोडाक्षरे आणि पुसट छपाई ह्यांपाशी ती अजून अडखळतात. तोवर ज्या ग्रंथांची नुसती चित्रे महाजालावर ठेवली आहेत, त्यांच्या पोटातील शब्द बव्हंशी मुकेच राहतात.

मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत निघाली. त्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने ह्या कोशाच्या पानांची नुसती चित्रे न ठेवता त्यातील शब्द न् शब्द अक्षरांच्या रूपात संगणकावर आणला आणि तो सर्वांसाठी महाजालावर खुला केला. सोलापुरातील विद्यार्थी असो वा न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुलगी असो, त्या स्थळावरील चौकटीत देवनागरीत शब्द लिहिला, की कोशकाराने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी टिपून ठेवलेला अर्थ क्षणात पुढे येतो.