भत्ता वेगळा, दवाखाना वेगळा

भालकी

चि. बाळास,


युवानिधीचा बेकारभत्ता सुरू झाला, आता दवाखान्याचीही काळजी नाही, असं तू फोनवर म्हणालास. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा हाच समज आहे. तो चुकीचा आहे हे घरात कुणी आजारी पडल्यावर कळतं, आणि तोवर सावकाराचं दार गाठलेलं असतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये, फार तर २ वर्षं, युवानिधी एवढीच. उपचाराचा हक्क येतो तो घरच्या रेशनकार्डावरून. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. कार्ड एपीएल असलं तर सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचं आपल्या खिशातून. हे सगळं दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं. खासगी डॉक्टरच्या रोजच्या गोळ्या यात धरू नकोस.

तू सज्ञान झालास म्हणून हक्क जात नाही, पण कार्डावर नाव हवं. शिकायला कलबुर्गीला होतास, तेव्हा रेशन दुकानातलं केवायसी तुझ्याविना राहिलं का, ते आधी बघ. कार्डावर नाव कन्नडात आणि आधारवर इंग्रजीतही असतं. दोन्हींत आडनाव एकच आहे ना, तेही कुणाकडून तरी वाचून घे. फरक असला तर आत्ताच ग्राम वन केंद्रात दुरुस्तीला दे. माणूस खाटेवर असताना ही धावपळ फार जीवघेणी होते.

ताईचं तर मनावरच घे. उदगीरला लग्न होऊन गेली. इथलं नाव कमी केलं आणि तिथं चढलंच नाही, असं झालं तर ऐन बाळंतपणात ती कुठल्याच कार्डावर नसेल. दाजींना स्वतः फोन कर.

आपली माणसं दुखणं वाढलं की उदगीर, लातूर, सोलापूर धरतात. डॉक्टर मराठी बोलतो, धीर वाटतो, हे मला कळतं. पण महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मुळात तिथल्या रेशनकार्डासाठी आहे, आपल्या कार्डावर ती मिळेलच असं धरू नकोस. तिकडे जायचंच झालं तर आपलं आयुष्मान कार्ड तिथं त्या उपचाराला चालेल का, हे दाखल होण्याआधी विचार. एरवी आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथून बिदरच्या ब्रिम्स रुग्णालयात जाता येतं. तिथं सोय नसेल तर पुढच्या रुग्णालयासाठी रेफरलची चिठ्ठी घे. हृदयासाठी कलबुर्गीतच जयदेव रुग्णालय आहे. जिवावरचं तातडीचं असेल तर चिठ्ठीसाठी थांबू नकोस, योजनेतल्या रुग्णालयात थेट ने आणि तिथल्या आरोग्यमित्राला गाठ.

सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला लाजू नकोस. तो तुझा हक्क आहे.

नोकरी लागली की सेवा सिंधू पोर्टलवर तसं कळव आणि भत्ता बंद होऊ दे. काम मिळूनही बेकार असल्याची घोषणा करणारी मुलं मी पाहतो, मला ते मुळीच पटत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर मालकाला ईएसआय विम्याचं विचार. तुझ्या पगारातून पाऊण टक्काच कापला जातो आणि उपचाराची सोय होते. ठेकेदार टाळाटाळ करतात, तू विचारत राहा.

रेशनकार्डाचा आणि आधारचा फोटो आज रात्री पाठव. कन्नड मजकूर मी वाचून सांगतो.

तुझा
मामा