घराशेजारचे वन्य जीव व आपले वर्तन
(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी ते पाचवी. तासिका दोन व एक पाहणी)



शाळेत साप निघाला म्हणजे काय घडते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुले ओरडत बाहेर धावतात, शेजारच्या शेतातून कोणी काठी घेऊन येतो, आणि पाचदहा मिनिटांत तो जीव ठेचला जातो. मग गुरुजी मुलांस जागेवर बसावयास सांगतात व अर्धवट राहिलेला पाठ पुढे सुरू होतो. परंतु त्या दहा मिनिटांत मुलांनी एक निराळाच पाठ घेतलेला असतो. ज्याची भीती वाटते त्यास ठार करावे, म्हणजे प्रश्न सुटतो, हा तो पाठ होय. आणि तो चुकीचा आहे. कारण साप मेला, तरी ज्या बिळातून तो आला ते बीळ तसेच राहते, व ज्या उंदरांसाठी तो आला ते उंदीरही तसेच राहतात.

या चुकीची किंमत केवढी असू शकते, हे केरळ राज्यातील वायनाड जिल्ह्यात दिसून आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील एका शाळेत, वर्ग चालू असतानाच, खोलीतील एका भोकात दडलेल्या सापाने पाचवीतील मुलीस दंश केला. तिला दवाखान्यात नेण्यास विलंब झाला, अशी तक्रार तिच्या वर्गसोबत्यांनीच केली. मुलगी वाचली नाही. ते भोक वेळीच बुजविले असते, तर मुलगीही वाचली असती आणि सापही आपल्या वाटेने गेला असता. प्राण्याविषयीची दया व मुलांची सुरक्षितता या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत असे आपण समजतो. वस्तुतः बहुतेक वेळा दोन्हींचा उपाय एकच असतो. हे मुलांच्या मनावर ठसविणे, हाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पूर्वतयारी

पाठापूर्वी शिक्षकांनी पुढील माहिती ध्यानात ठेवावी. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतील फार मोठा भाग खेड्यांतील आहे व सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आहेत. मृतांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. तेव्हा सापाची भीती निराधार आहे असे मुलांस सांगू नये. भीती खरी आहे. पण तिच्यावर आपण योजतो तो काठीचा उपाय खोटा आहे, असे सांगावे.

पहिला टप्पा : शेजार कोणाचा?

आपणांपैकी कित्येकजण छत्रपती संभाजीनगर शहरातील पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तीत राहतात व सकाळच्या बसने खेड्यातील शाळेस जातात. वन्य प्राण्यांचा प्रश्न खेड्याचा, शहराचा नव्हे, अशी समजूत असल्यास ती दूर करावी. डिसेंबर २०१९ मध्ये याच शहरातील सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला होता. काही तासांच्या खटपटीनंतर त्यास बेशुद्ध करून पकडावे लागले. जुलै २०२४ मध्ये गारखेड्याकडील उल्कानगरी भागात रात्री फिरणारा बिबट्या कॅमेऱ्यात दिसला. उल्कानगरी पुंडलिकनगरापासून दूर नाही. साप, मुंगूस, पाली, घुशी, वटवाघळे, घुबडे यांचा वावर तर अशा वस्तीत नित्याचाच आहे. जेथे आज घरे आहेत तेथे काल शिवार होते. शिवार गेले, पण ओढ्यानाल्यांच्या कडा, मोकळे भूखंड व उकिरडे राहिले, आणि त्यांच्या आश्रयाने प्राणीही राहिले.

मुलांस विचारावे : तुमच्या घरी गेल्या वर्षभरात कोणकोणते प्राणी आले? प्रत्येक नावापुढे दुसरा प्रश्न विचारावा : तो कशासाठी आला असेल? फळ्यावर दोन रकाने करून उत्तरे लिहावीत. थोड्याच वेळात मुलांच्या ध्यानात येईल की, दुसऱ्या रकान्यात तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : अन्न, पाणी व आसरा. कोणताही प्राणी माणसास त्रास द्यावा म्हणून येत नाही. त्याला बोलावणारी वस्तू आपणच ठेवलेली असते.

दुसरा टप्पा : साप

आपल्याकडे ज्यांच्या दंशाने माणसे मरतात असे प्रमुख विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. धामण, दिवड, कवड्या, नानेटी, डुरक्या घोणस हे बिनविषारी होत. गंमत अशी की, माणसाच्या काठीखाली जे साप मरतात त्यांत बिनविषारीही पुष्कळ असतात. धामण लांब व चपळ म्हणून ती नाग ठरते. कवड्याच्या अंगावर पट्टे म्हणून तो मण्यार ठरतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात व कवड्याचे डोक्याकडे. हा भेद शिक्षकांस माहीत असावा. मात्र मुलांनी सापाजवळ जाऊन तो पाहण्याचा प्रयत्न कदापि करू नये. मुलांस एकच नियम द्यावा : कोणताही साप असो, दूर व्हावे व मोठ्या माणसास सांगावे.

यानंतर शाळेचेच उदाहरण घ्यावे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ पोत्यांत भरून कोपऱ्यात ठेवलेला असतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतो. ही साखळी फळ्यावर बाणांनी काढावी व मुलांस विचारावे : ती कोठे तोडणे सर्वांत सोपे? साप मारला तर साखळीचा शेवटचा दुवाच तेवढा तुटतो व उंदीर मोकळे होतात. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, फळीवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवले, तर साखळी आरंभीच तुटते.

घराविषयी पुढील गोष्टी मुलांकडून सांगवून घ्याव्यात. सरपण व विटा भिंतीस लागून रचू नयेत. दाराखालची फट लाकडी पट्टीने बंद करावी. मोरीच्या तोंडास बारीक जाळी लावावी. बिळे खडी व सिमेंटने बुजवावीत. परंतु आत जीव अडकला नाही ना, याची आधी खात्री करावी. त्यासाठी तोंडाशी बारीक माती पसरावी, आणि दोनतीन दिवस तीवर मागोवा उमटला नाही म्हणजे मग बीळ बंद करावे. रात्री बाहेर जाताना विजेरी घ्यावी व पादत्राणे झटकून घालावीत.

झोपण्याची व्यवस्था विशेष महत्त्वाची आहे. मण्यार रात्री हिंडते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे लोक अजीर्ण समजून ओवा देत बसतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. यास्तव खाटेवर अगर बाजेवर झोपावे, आणि जमिनीवरच झोपणे भाग असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. एवढ्याने मुलाचाही जीव राखला जातो व मण्यारीचाही.

दंश झालाच, तर काय करावे? चावलेला हातपाय हालू देऊ नये. घट्ट दोरी आवळू नये. जखम कापू अगर चोखू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने तत्काळ दवाखाना गाठावा. डॉक्टरांस दाखविण्यासाठी साप मारून नेण्याचे कारण नाही. दवाखान्यातील प्रतिसर्पविष वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते, आणि साप शोधण्यात गेलेली घटिका रोग्याच्या आयुष्यातून वजा होते. हे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. एका मुक्या जनावराच्या उपकाराने माणसाचे प्राण वाचतात, हे मुलांस अवश्य सांगावे.

तिसरा टप्पा : दूर नेऊन सोडणे ही दया आहे काय?

येथे चुणचुणीत मुले विचारतील : मारू नये हे खरे, पण पकडून लांब जंगलात सोडले तर? प्रश्न रास्त आहे, व याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसाचे क्षेत्र वाढले व बिबटे उसात राहू लागले. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात तेथे शंभरावर बिबटे पिंजऱ्यांत पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलविण्यास आरंभ झाल्यावर ते १७ वर गेले, आणि जेथे बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले होऊ लागले. अनोळखी मुलखात टाकलेल्या प्राण्यास पाणी कोठे, आडोसा कोठे, माणसांची वहिवाट कोणती, यांतले काहीच ठाऊक नसते. सापांचीही तीच गत. अमेरिकेत रॅटलस्नेक जातीच्या सापांवर झालेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेले साप अधिक भटकले व त्यांत मरणाऱ्यांचे प्रमाणही वाढले, असे आढळले.

उलट बाजूचे उदाहरणही जुन्नरचेच सांगावे. ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची लहान पिल्ले सापडतात. ती उचलून न नेता तपासणीनंतर सायंकाळी सापडल्या जागीच ठेवतात व माणसे दूर होतात. रात्री मादी येते व पिल्ले घेऊन जाते. पिल्ले गमावलेली मादी गावाभोवती घिरट्या घालत राहते. पिल्ले मिळाली की ती निघून जाते. येथेही दया व सुरक्षितता एकाच वाटेने चालतात.

चौथा टप्पा : वानर, मधमाश्या, उंदीर

देवगिरी किल्ला, खुलताबाद, वेरूळ येथे सहलीस गेलेल्या मुलांनी वानरांस बिस्किटे देणारे प्रवासी पाहिलेच असतील. वानर मुख्यत्वे पाने, कोवळे शेंडे व फळे खाणारा प्राणी आहे. त्याचे पोटही त्यासाठीच घडलेले आहे. बिस्किटाने त्याचा आहार बिघडतो, व हातातून घेण्याची सवय लागली की तो हिसकावू लागतो. मग तोच खोडकर ठरतो. न भरविणे ही येथे खरी दया होय.

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेऊ लागले. काही पिल्ले मेली. वनविभागाने दोन वानर पकडले. पण तेवढ्यात ‘वानरांनी सूड घेतला’, ‘शेकडो कुत्री मारली’ अशा वार्ता देशोदेशी पसरल्या. आकडे फुगविलेले होते. प्राण्यांवर मानवी वैर लादले म्हणजे त्यांना शिक्षा करणे सोपे वाटते, एवढे या प्रसंगावरून मुलांस समजावून द्यावे.

आग्या मोहोळास धूर देऊ नये, दगड मारू नये. त्या जातीच्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात, तोवर त्या बाजूची वाट बंद ठेवावी. मोहोळ वर्गावरच असेल तर वर्ग दुसरीकडे भरवावा व जाणत्यांची मदत घ्यावी.

उंदरांच्या बाबतीत दांभिकपणा नको. पिके व धान्य यांसाठी उंदीर मारावे लागतात, हे शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. मात्र डिंकाचा चिकट पुठ्ठा वापरू नये. त्यावर तो जीव तासन्‌तास तडफडतो, आणि पाली व चिमण्याही अडकतात. विषाचे गोळे उघड्यावर टाकू नयेत; विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर आपला सर्वांत कसबी राखणदारच मरतो.

शाळेत साप निघाल्यास

मुलांस शांतपणे बाहेर न्यावे. बाहेरच्या बाजूचे दार उघडे ठेवून, एका मोठ्या माणसाने दहापंधरा फुटांवरून सापावर नजर ठेवावी. बहुधा तो वाट मिळताच जातो. न गेल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिक्षकांनी अगर मुलांनी साप स्वतः पकडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे वन्य प्राणी पकडणे हीदेखील शिकारच होय. अंगावर आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना तो मारला गेला, तर मात्र कायदा दोष देत नाही.

पाहणी व प्रश्न

मुलांचे गट करून शाळेची पाहणी करवावी : बिळे किती, दाराखाली फटी किती, उघडे धान्य कोठे, कचरा कोठे, अडगळ कोठे. भोकांत हात अगर काठी घालू देऊ नये; लांबून खडूने खूण करावी. यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांकडूनच वाचून घ्यावी. मृगाआधी ही पाहणी दरवर्षी व्हावी. नंतर पुढील प्रश्न द्यावेत :

१. तुमच्या घरी आलेल्या एका प्राण्यास कोणत्या वस्तूने बोलावले?
२. साप मारल्याने कोणता प्रश्न सुटत नाही?
३. बिबट्यास दूर सोडल्याने जुन्नर भागात काय घडले?
४. मच्छरदाणीने दोन जीव कसे वाचतात?

पाठ झाल्यावर एक काम शिक्षकांकडे उरते. खुणा केलेली बिळे एका शनिवारी पाटीभर खडी व सिमेंट आणून बुजवून घ्यावीत, आणि ते काम मुलांस समोर उभे राहून पाहू द्यावे. शब्दांनी शिकविलेले विसरले जाईल. पण गुरुजींनी काठी उचलली की थापी, हे मुले मोठेपणीही विसरणार नाहीत.