पाळकाला विचारलेले प्रश्न

चि. बाळ यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची चिठ्ठ्यांची यादी पोचली. महिन्यातून एकदा संध्याकाळच्या उपासनेनंतर मंडळीला हवं ते विचारू द्यायचं, ही तुझी कल्पना मला पसंत आहे. आमच्या उमेदीत पाळकाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा पगार विचारण्याइतका उद्धटपणा समजत. पण ‘मामा, उत्तरं लिहून पाठवा’ हे काही जमायचं नाही. माणसं तुझ्या ओळखीची आहेत, माझ्या नव्हेत. मला सुचवायचंय ते एवढंच, की उत्तर देताना त्या उत्तराचं वजनही त्याच दमात सांगत जा. हे विश्वासांगीकारातलं आहे, हे शास्त्राने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलंय, आणि हे नुसतं माझं मत आहे. आपल्याकडे तिन्ही गोष्टी एकाच झग्यात, एकाच आवाजात सांगायची रीत पडलीय. मग काही जण सगळंच मानतात आणि त्यांची पोरं शहरात गेली की सगळंच सोडतात.

त्र्यैक्याचा प्रश्न पहिल्याच सभेत आला, याचं नवल नाही. शेजारचे लोक ‘तुमचाही दत्तच की’ म्हणतात, तेव्हा आपली माणसं गांगरतात. तू पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला दिलास. रविवारच्या शाळेत सगळेच देतात, पण तो सोड. एकच देव तीन रूपं पालटतो, ही शिकवण तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावावर जमा झाली आणि मंडळीने ती नाकारली. गेथशेमाने बागेत पुत्र बापाजवळ प्रार्थना करतो. वाफ बर्फाजवळ प्रार्थना करत नाही. इतकं सांगितलंस तरी शाळकरी पोराला कळेल. 325 मध्ये निकेयाला बिशप जमले ते कोडं घालायला नव्हे. पुत्र निर्माण केलेला आहे, असं अरियस म्हणत होता, आणि तसं असेल तर आपण उपासना कोणाची करतो, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. इथे आढेवेढे घेऊ नकोस. हे विश्वासांगीकारातलं आहे, पूर्ण वजनाचं आहे. समजायला अवघड आहे हेही सांग, पण ‘पाळकांनासुद्धा कळत नाही’ असा विनोद करून सुटू नकोस.

आणि कोणी पुन्हा पुन्हा विचारत राहिलं तर चिडू नकोस. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार तू वाचलाच पाहिजेस. 1977 मध्ये छापून निघालाय. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर बाई त्र्यैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, धर्मगुरूंच्या अधिकारावर प्रश्न विचारत सुटल्या. सिस्टर जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांनी मात्र ते प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतले आणि मुद्द्याला मुद्दा लिहीत राहिल्या. दोघींचाही जीव रमाबाईंवर होता. तरी मी मंडळीत असतो तर माझी चिठ्ठी बीलबाईंनाच दिली असती. त्याच प्रश्नाळू बाईंनी पुढे केडगावला बसून आयुष्याच्या अखेरीपर्यंत मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं मराठी केलं.

आता प्रसाद. हा खरा आपल्या मुलखातला प्रश्न, आणि तू तो तीन वाक्यांत उरकलास. गणपतीत समोरच्या वहिनी स्टीलच्या ताटलीत मोदक घेऊन येतात, वर जाळीचा रुमाल. नाताळात त्याच ताटलीतून आपल्या करंज्या परत जातात. रिकामी ताटली परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम. त्या ताटलीबद्दल विचारणारी बाई तत्त्वज्ञान विचारत नाही. तिला त्याच जिन्याने रोज चढायचं-उतरायचं आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा ते दहावा अध्याय, शांतपणे पुन्हा वाच. पौल एक नियम देतच नाही. मूर्ती काही नाही, म्हणून बाजारातलं मांस चौकशी न करता खा, म्हणतो. देवळातल्या पंगतीला बसू नका, असंही म्हणतो. आणि कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी सोडा, म्हणतो. तुझ्या मंडळीत बँकेत कारकुनी करणारी मुलगी आहे. तिने टेबलावर आलेला पेढा खाल्ला म्हणून तिचा विश्वास हलत नाही. त्याच बाकावर असे आजोबा आहेत, ज्यांच्या वडिलांनी गावकीची कामं नाकारून, गावाचा बहिष्कार सोसून बाप्तिस्मा घेतला. त्यांना प्रसाद नाकारणं हीच मिळालेली मोकळीक वाटते. दोघांना एकच उत्तर दिलंस तर एकाशी तरी लबाडी होईल. मुलीला आजोबांसमोर खाऊ नकोस म्हण, आणि आजोबांना मुलीचा न्याय करू नका म्हण. दुसरं जास्त कठीण जाईल.

हळदीवरून महिला मंडळात भांडण झालं म्हणतोस. इथे माझं मत देतो आणि ते मत म्हणूनच घे. हळद लावावी की न लावावी यावर कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने ठराव केलेला नाही. जिला हळद परधर्मी वाटते, तिला पांढरा गाऊन ख्रिस्ती वाटतो. तो गाऊन 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नापासून रूढ होत गेला. पौलाने काही गाऊन पाहिला नव्हता. लग्नात मुहूर्त आणि पत्रिका आली तर तिथे तोंड उघड. हळदीपाशी गप्प बस आणि जेवून ये.

चंगाई सभेची चिठ्ठी मात्र पुढच्या सभेपर्यंत ठेवू नकोस. कुणा सुवार्तिकाने मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील, तर आजच त्या घरी जा. आजाऱ्यासाठी प्रार्थना कर, डोक्यावर हात ठेव, तेल लाव. आणि गोळ्या चालू ठेवायला सांग. वानलेस साहेबांनी 1894 मध्ये मिरजेला दवाखाना काढला तो प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. बरं न झालेल्या माणसाला ‘विश्वास कमी पडला’ असं सांगणाऱ्यासारखा क्रूर माणूस मला माहीत नाही. ईयोबाचे मित्रही निदान सात दिवस गप्प बसले होते.

नवरा मारतो, तर काय करू, ही चिठ्ठी सभेत वाचू नकोस. पन्नास घरांच्या मंडळीत अक्षर कोणाचं हे सगळ्यांना कळतं. चिठ्ठ्या आधी स्वतःच्या वहीत उतरवून घे आणि मूळ कागद जाळून टाक. त्या बाईकडे तू एकटा जाऊ नकोस, तुझ्या बायकोला सोबत घे. ‘देवाने जोडलेलं’ हे वचन तिला ऐकवायला सासरची माणसं पुरेशी आहेत. तू ते तिच्या नवऱ्याला ऐकव. शिवाय कायदा माहीत असू दे. 1869 च्या कायद्याखाली ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे, सोबत क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही शाबीत करावं लागे. 2001 मध्ये ते बदललं आणि संमतीने घटस्फोटाची वाटही झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं तो कायदा चालला, आणि आपल्यातल्या पुष्कळांना तो सोयीचाच वाटत होता.

गाण्याच्या गटातल्या मुलाने स्वतःबद्दल जे लिहिलंय, त्यावर माझे विचार जुन्या वळणाचे आहेत, तुला ठाऊक आहे. 377 कलमाचा निकाल 2018 मध्ये लागला. मंडळ्यांमधला वाद अजून चालू आहे. तुझ्या मंडळीची शिकवण काय ती त्याला खरी सांग, पण एकट्याला भेटून. आधी त्याचं सगळं ऐकून घे. आणि व्यासपीठावरून त्या विषयावर एकही थट्टा करू नकोस, दुसऱ्याला करू देऊ नकोस.

तुझी यादी मी दोनदा वाचली. मोदक आहेत, हळद आहे, डायनासोर आहेत, मोबाइल आहे. ‘कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती’ असा टोमणाही आहे. तो मारणाऱ्याला 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश वाचायला दे: अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंना, 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना, ख्रिस्ती माणसाला अजून नाहीत. पोराच्या फीसाठी कोणी दाखला जपला तर त्याच्यावर दगड उचलायला घाई करू नये, निदान मंडळीच्या पगारावर जगणाऱ्या आपण तरी. पण जातीचा खरा प्रश्न यादीत नाहीच. आपल्यात सोयरिकी जुळवताना ‘मूळचे कोण’ हे अजून हळूच विचारलं जातं, आणि उत्तर न पटल्यास पत्रिका न पाहताच स्थळ परत जातं. त्यावर एकही चिठ्ठी नाही, कारण कोणालाच त्याचं उत्तर नको आहे. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय आहे, तिथे विवेकावर सोडलेलं काही नाही. पुढच्या सभेत पहिला प्रश्न तूच मांड. पंचकमिटी रागावेल, तुझी बदली झालीच तर इकडे खोली रिकामी आहे.

ताईला सांग, पुनरुत्थानाच्या सणाला येतोय. गुडघ्याचं तेल आणतो.

तुझा,
मामा