चर बुजवण्याआधी

बाळा, मीटर फाटकाजवळ आणि घर, गोठा, बोअर मागं. तेव्हा केबल जमिनीतून न्यायची म्हणतोस, ते बरंच आहे. पण भिलवडीच्या काळ्या मातीत ती एकदा गाडली की नजरेआड होते. म्हणून तपासणी चर उघडा असतानाच करून घे. गवंड्याला कितीही घाई असली तरी माती लोटू देऊ नकोस.

मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, पुढची आपली. मीटर हलवायचा किंवा लोड वाढवायचा असेल तर त्यांच्याकडं अर्ज कर. मीटरच्या आधीच्या वायरीला हात लावायचा नाही. त्यांची सर्व्हिस केबल रस्ता खोदून येणार असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी हातात पाहिजे. सांगली-मिरजेत तेच महापालिकेकडून.

काम परवानाधारक ठेकेदारालाच दे आणि परवान्याची मुदत स्वतः वाच. त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो. काही जण दुकानात बसूनच सही ठोकून देतात. तसली सही मला फुकट मिळाली तरी नको. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. आपल्यासारख्या एकट्या घराकडं तो सहसा फिरकत नाही. म्हणजे तुझी केबल मातीआड जाण्याआधी पाहणारा जाणता माणूस हा ठेकेदारच. त्यानं चरात उतरलंच पाहिजे.

टेप लावून खोली मोज. भारतीय मानकात घरगुती दाबाच्या केबलला वरून 75 सेंटिमीटर माती सांगितली आहे. आपली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. वर घुशींचा उपद्रव. म्हणून आर्मर्ड केबलच घे आणि तिच्या आर्मरला अर्थिंग आहे का बघ. खाली वाळू, मग केबल, परत वाळू, वर विटा आणि धोक्याची पट्टी. साताऱ्याकडं, पाटण-जावळीत, मुरमाचे दगड धारदार असतात. तिथं वाळूत कंजुषी केली की केबलचं आवरण सोललंच.

जमिनीत जॉइंट मुळीच नको, अखंड तुकडा घे. आणि पूर विसरू नकोस: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट; 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत पूर आला. आपल्या भिंतीवर पुराची खूण आहे, बोर्ड तिच्या वर बसव. बोर्डात गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, गोठ्यात ओल्या जमिनीवर जनावरं बांधलेली असतात.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. मेन बंद, बल्ब-पंखे-मोटर सुटी, आणि 500 व्होल्टचा मेगर केबलच्या दोन तारांमध्ये, नंतर प्रत्येक तार आणि अर्थिंगमध्ये. काटा मिनिटभर एक मेगओहमच्या वर राहिला पाहिजे. नवी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. जेमतेम एकावर अडली तर टोकाला ओल किंवा कुठंतरी खरचटलंय असं समज. आकडा ठेकेदाराला तुझ्यासमोर रिपोर्टवर लिहायला लाव. माती लोटल्यावर परत एकदा मेगर, कारण फावड्याचा घाव नेमका तेव्हाच बसतो. पूर ओसरल्यावरही हे केल्याशिवाय मेन चढवायचा नाही, शेजारी उजेड दिसला तरी.

उघड्या चराचे फोटो काढ, घराच्या कोपऱ्यापासून अंतर लिही आणि रिपोर्टसोबत ठेव. उद्या नळाची लाईन टाकायला कुणी कुदळ घेऊन आला तर खणण्याआधी तो कागद त्याच्या हातात दे.